‘खिडकीतल्या ताई’चं उत्तर

कर्नाटकातलं लोंढा ते गोव्यातलं कुळे या पावसाळी रेल्वेप्रवासावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं, त्यावर ‘सह्यवेडा’ या नावाने एक भलीमोठी प्रतिक्रिया आली आहे. खाली दोन ओळीत उत्तर देऊन भागेना, म्हणून वेगळं लिहिते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी त्यांचं म्हणणं असं: घाटाचा चढाव मी १:४० लिहिला, तो १:३७ आहे. दारात उभं राहून दूधसागर बघितल्याचं मी कौतुकाने सांगितलं, हा बेजबाबदारपणा झाला. या लाइनच्या दुपदरीकरणाबद्दल, म्हणजे दुसरा रूळ टाकण्याबद्दल, मी अवाक्षर काढलं नाही. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: ‘ताई, खिडकीतून धबधबा बघून घाट कळत नसतो हो.’

चढावाचं मान्य. १:३७च. सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. लेखात दुरुस्ती केली आहे, आपले आभार. चूक दाखवली म्हणून मी कुणावर चिडत नाही, जुने वाचक सांगतील.

चिडले ते त्या ‘हो’वर. ‘ताई’चं काही नाही. फोंड्याच्या बाजारात मासळीवाली मला बाय म्हणते, शेजारचा मुलगा ताई म्हणतो, बँकेत मॅडम म्हणतात, मला कशाचंच वावडं नाही. पण ‘कळत नसतो हो’ हे आपण कुणाला म्हणतो? हट्ट करणाऱ्या पोराला. आपल्याला माझं वय माहीत नाही, गाव माहीत नाही, आणि तरी मी कुठून तरी दोन दिवसांसाठी येऊन गाडीत बसले, असं आपण गृहीत धरलंत.

मी कुळ्याची. आमचं घर रुळापासून हाकेच्या अंतरावर होतं आणि बाबा रेल्वेत गँगमन होते, म्हणजे रुळांची देखभाल करणारे. तेव्हा मीटरगेज होतं, ब्रॉडगेज नव्वदच्या दशकात झालं. या घाटाला घरात ‘ब्रागांझा घाट’ असं कुणी म्हणत नसे, ते पोर्तुगालच्या राजघराण्याचं नाव पुस्तकात. आम्ही नुसतं ‘वर’ म्हणायचो. बाबा कुठे आहेत विचारलं की आई सांगायची, ‘वर गेलेत’, आणि नवे पाहुणे दचकायचे.

पावसाळ्यात रात्रीची गस्त असे. अंगावर कांबळ्याची खोळ, हातात बत्ती, पिशवीत फटाके. हे दिवाळीचे नव्हेत. चपटी डबी असते, दरड आलेली दिसली की पुढे चालत जाऊन रुळावर बसवायची, चाकाखाली फुटली की ड्रायव्हर समजतो आणि गाडी थांबवतो. सकाळी बाबा परतले की आई उंबऱ्यात मिठाची वाटी घेऊन बसायची आणि त्यांच्या पायांवरच्या जळवांवर चिमूट चिमूट टाकायची. जळू आधी आखडते, मग गळून पडते आणि तिच्या जागी रक्ताचा बारीक ओघळ सुरू होतो, तो लवकर थांबत नाही. मोजायचं काम माझं. एकदा डाव्या पायावर अकरा निघाल्या. आकडा सांगायला मान वर केली तर बाबा बसल्या बसल्या झोपले होते.

आजोबा त्याही आधीचे. १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार, त्यातून ही लाइन, १८८८ मध्ये ती घाट चढून माथ्यावरच्या कॅसलरॉकला पोचली, हे मी वाचून शिकले. आजोबांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते एवढंच की कुळ्याला पोर्तुगीज तपासणार आणि वर कॅसलरॉकला हिंदुस्थानवाले तपासणार, आणि दोन्हीकडे पेट्या उतरवायला हमाल लागणार. १९५५ मध्ये भारताने गोव्याच्या केलेल्या नाकेबंदीपायी हद्दीपलीकडची गाडी बंद झाली आणि त्यांची हमाली गेली. गोवामुक्तीनंतर गाडी परत सुरू झाली तोवर त्यांची पाठ गेली होती.

एवढं सगळं सांगायची मला हौस नव्हती. तुम्ही सांगायला लावलंत.

तुम्हाला १:३७ पाठ आहे, छान. पण कुळ्याला गाडीच्या शेपटीला जादा इंजिनं लागतात तेव्हा शेवटच्या डब्यातल्या माणसाने चहाचा कप कसा धरायचा असतो, ते तुम्हाला माहीत आहे का? आधी एक हलकी टक्कर येते, आपण म्हणतो झालं, आणि खरा धक्का त्यानंतर येतो. माझ्या आत्तेची नवी कोरी साडी त्या दुसऱ्या धक्क्याने गेली. उतरताना सगळा खेळ ब्रेकचा. तापलेल्या लोखंडाचा तो वास पावसाच्या वासात मिसळून डब्यात येतो, आणि तो आला नाही तर आम्हा कुळेकरांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. गाडी आवरलीच नाही तर तिला चढावर जाऊन संपणाऱ्या आंधळ्या रुळावर घालायची सोय असते, तिला कॅच सायडिंग म्हणतात. बाबांच्या तोंडी ‘क्याचसाडी’. मी लहानपणी ती खरंच साडी समजत होते. आकड्यांच्या पुस्तकात हे नसतं हो. (बघा, कसं वाटतं ते.)

दाराबद्दल. मी उभी होते, आतला दांडा धरून, आणि तुम्हीही उभे राहा असं कुणाला सांगितलं नाही. दूधसागरला उतरायला बंदी आहे, २०२३ च्या जुलैत रुळांवर सापडलेल्यांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, हे गोव्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझा लेख वाचून माणसं धडाधड उड्या टाकतील असं तुम्हाला वाटत असेल, तर माझ्या वाचकसंख्येबद्दल तुमचा फार मोठा गैरसमज आहे.

दुपदरीकरणाबद्दल. मोल्याच्या जंगलातून दुसरा रूळ टाकायला दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली, हे मी वाचलं आहे, वर्तमानपत्र आमच्याकडेही येतं. पण पुरणपोळीची कृती लिहिणारीने ऊस उत्पादकांच्या प्रश्नावरही बोललंच पाहिजे का? त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. नाही लिहिलं तर नाही.

आता ती खिडकी. बाबा निवृत्त झाल्यावर एका ऑगस्टमध्ये त्यांना गाडीने हुबळीला मावशीकडे नेलं होतं. परतताना दरीपलीकडे दूधसागर दिसू लागला आणि सगळा डबा एका बाजूला लोटला. माणसं एकमेकांच्या खांद्यावरून मोबाइल काढत होती, एक बाळ किंचाळत होतं, कुणीतरी गणपतीच्या नावाने जयजयकार केला, का ते देव जाणे. तीनशे मीटरवरून पडणारं पाणी, माणसं वेडी होणारच, मीही उठले. बाबा एकटे समोरच्या खिडकीत, नाक जवळजवळ गजांना टेकवून. त्या बाजूला बघण्यासारखं काय होतं? कापलेला डोंगर आणि रुळालगतची नाली. मी म्हटलं, ‘बाबा, तिकडे काय बघताय?’ ते म्हणाले, ‘पाणी नितळ आहे.’ नालीतलं पाणी लाल व्हायला लागलं की वर कुठेतरी माती सुटलेली असते. पुढची दहा-पंधरा मिनिटं ते तेवढंच बघत होते. सोनावळी स्टेशन गेल्यावर डबा उघडून त्यांनी पोळीभाजी खाल्ली.

खिडकीच होती ती, सह्यवेडे साहेब.

ही गोष्ट मूळ लेखात का नव्हती, असं तुम्ही आता विचाराल. माझी मर्जी.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. चढावाची दुरुस्ती तुमच्या नावानिशी केली आहे. तिच्याखाली ‘वाह, सणसणीत’ असं लिहिणारे तिघेजण आहेत, त्यातला एक माझा सख्खा चुलतभाऊ आहे, त्याच्याशी मी घरी बोलेन.