कवीला नेमकं काय म्हणायचंय? (गुण चार)

कवितेची चाचणी जाहीर झाली की वर्गात दोन पंथ पडतात. एक म्हणतो, "कवितेचा कसला अभ्यास? मनात येईल ते लिहायचं." दुसरा गाइडातली रसग्रहणं स्वल्पविरामांसकट पाठ करतो. गुण दोघांना सारखेच पडतात, चारपैकी दीड, आणि "बाईंना कविता कळत नाही" यावर दोघांचं एकमत होतं.

पहिला पंथ निदान स्वतःची वाक्यं लिहितो, म्हणून माझा जीव त्याच्यावर थोडा जास्त. पाठांतरवाल्यांचा घात एका ठरावीक वाक्याने होतो: "कवीने आपल्या ओघवत्या शैलीत मानवी मनाच्या भावभावनांचे हृदयस्पर्शी चित्रण केले आहे." हे वाक्य पावसाच्या कवितेला चालतं, आईच्या कवितेला चालतं, शेतकऱ्यावरच्या कवितेलाही चालतं. नेमकं म्हणूनच त्याला गुण नाहीत. उत्तरातलं वाक्य उचलून शेजारच्या कवितेला चिकटवून बघा. चिकटलं तर खोडा. ही चाळणी लावल्यावर बहुतेक उत्तरांत कवीचं नाव आणि पूर्णविराम एवढंच उरतं.

मग लिहायचं काय? कोरडं सांगण्यापेक्षा सरावापुरत्या रचलेल्या या चार ओळी घेऊ:

तळ्याकाठचा पांढरा हा पुजारी
उभा एक पायावरी ध्यानधारी
जळी सावली हालता चोच मारी
गिळे एक मासा, पुन्हा ब्रह्मचारी

पहिलं वाचन पेन्सिल खाली ठेवून आणि तोंडाने. परीक्षेत ओठांतल्या ओठांत पुटपुटलं तरी चालतं, पर्यवेक्षक फार तर देवाचं नाव चाललंय समजतील. दुसऱ्या वाचनात तीन गोष्टी शोधायच्या: कोण बोलतंय, कोणाबद्दल बोलतंय आणि कुठल्या ओळीला सूर बदलतोय. इथे दोन ओळी आरती चालू आहे आणि तिसरीत 'चोच मारी' आलं की देव्हारा कोसळतो. सूर बदलतो ती जागा सापडली की निम्मं उत्तर हातात आलं. तिसऱ्या वाचनात पेन्सिल घ्या आणि फार तर चार शब्दांना गोल करा. अख्खी कविता अधोरेखित करणारे पुष्कळ असतात. त्यांना मागाहून आपण काय निवडलं होतं तेच सापडत नाही.

आता अलंकार. सर्वांत जास्त बळी इथेच जातात. या ओळी दिसल्या की अर्धा वर्ग आनंदाने 'चेतनगुणोक्ती' लिहितो, कारण बगळा माणसासारखा वागतोय. पण चेतनगुणोक्तीला मुळात निर्जीव वस्तू लागते; ती सजीवासारखी वागली पाहिजे. बगळा जन्मापासून जिवंत आहे. उरलेला अर्धा वर्ग 'उपमा' लिहितो, कारण उपमा सगळ्यांत आधी शिकवलेली असते. तिला सम, समान, सारखा, परी असा एखादा साधर्म्यवाचक शब्द हवा. या चार ओळींत तो भिंग घेऊन शोधला तरी मिळणार नाही.

व्याख्या पाठ करण्यापेक्षा एकच वाक्य फिरवून पाहावं. बगळा पुजाऱ्यासारखा दिसतो: उपमा. बगळा जणू पुजारीच: उत्प्रेक्षा. बगळा-पुजारी ध्यानस्थ आहे: रूपक. हा बगळा नव्हेच, हा पुजारी: अपन्हुती. एका बगळ्यात चार अलंकार झाले आणि बगळ्याला त्याचा पत्ताही नाही. मूळ ओळींत मात्र बगळ्याचं नावच नाही आणि रोख त्याच्यावर नाहीच. बोलणं पक्ष्याबद्दल, टोला माणसातल्या ढोंग्याला. म्हणून ही अन्योक्ती. आणि नुसतं 'अन्योक्ती' लिहून थांबलात तर गुण अर्धाच. टोला कोणाला आणि कशावरून, हे लिहिलं की उरलेला अर्धा मिळतो.

वृत्ताचा, म्हणजे ओळ लघू-गुरू अक्षरांच्या कुठल्या ठरलेल्या क्रमात बांधली आहे ते ओळखण्याचा, प्रश्न बहुतेक जण सोडून देतात. मला विचाराल तर सगळ्या पेपरात हाच प्रश्न सर्वांत प्रामाणिक. यात 'तुम्हाला काय वाटते' नाही, अक्षरं मोजली की झालं. आधी ओळीतली अक्षरं मोजा. जोडाक्षर एकच धरायचं. ऱ्हस्व स्वराचं अक्षर लघू, दीर्घ स्वराचं गुरू, अनुस्वार-विसर्ग असलेलंही गुरू. जोडाक्षराच्या मागचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं, पण त्यावर आघात येत असेल तरच. या 'तरच'मध्ये सगळी गोम आहे. 'तळ्याकाठचा' म्हणून बघा: 'त'वर जोर येत नाही, म्हणून पुढे 'ळ्या' असूनही तो लघूच. 'पुन्हा'तल्या 'पु'चंही तेच. 'ब्रह्मचारी' म्हणा, 'ब्र'वर धाडकन जोर येतो, तो गुरू. नियम डोळ्यांनी लावला तर चुकतो, कानाने लावला तर बसतो.

मग तीन-तीन अक्षरांचे गण पाडायचे. 'यमाताराजभानसलगं' एवढं एक येत असलं की पुरे: जो गण हवा त्या अक्षरापासून तीन अक्षरं मोजायची. य गण म्हणजे यमाता. लघू, गुरू, गुरू. आपली ओळ तळ्याका, ठचापां, ढराहा, पुजारी अशी तुटते. चारही य गण, अक्षरं 12, वृत्त भुजंगप्रयात. सुरुवातीलाच 'त' गुरू धरणाऱ्याचा पहिला गण म होतो, पुढे तीन य येतात आणि असलं वृत्त कुठल्या यादीत मिळत नाही. अशा वेळी पुन्हा मोजावं. पण आपल्याकडे घाबरून 'शार्दूलविक्रीडित' लिहायची पद्धत आहे. नाव भारदस्त आहे, कबूल, पण त्याला ओळीत 19 अक्षरं लागतात. बारात ती कोंबायची कशी?

लिहायला बसताना वेळ आखून घ्यावा. चार गुणांच्या रसग्रहणाला पंधरा मिनिटं पुष्कळ झाली: तीन वाचनाला, दोन मुद्दे टिपायला, उरलेली लिहायला. उत्तर बारा ते पंधरा ओळींचं. आशय दोन-तीन वाक्यांत संपवा. बहुसंख्य उत्तरपत्रिका आशयातच बुडतात: "बगळा तळ्याकाठी उभा आहे. तो एका पायावर उभा आहे. मग तो मासा खातो." हे खरं आहे, पण कविता प्रश्नाच्या वरच छापलेली असते आणि बाईंना वाचता येतं. कवीच्या जन्मगावापासून सुरुवात करणाऱ्यांना तर मी मनोमन नमस्कार करतो.

दर मुद्द्याला तीन गोष्टी लागतात: कवितेतला शब्द अवतरणचिन्हांत, त्या शब्दाने काय केलं ते, आणि त्याचा कवितेशी संबंध. उदाहरणार्थ: "'पुजारी', 'ध्यानधारी', 'ब्रह्मचारी' अशा सोवळ्या शब्दांशेजारी 'गिळे' हा रोखठोक शब्द ठेवल्याने ढोंग उघडे पडते व हास्यरस निर्माण होतो." यात एकही 'हृदयस्पर्शी' नाही, तरी गुण पडतात. याहून मोठा मासा 'पुन्हा' या शब्दात आहे. दोनच अक्षरं, पण हा प्रकार पहिल्यांदा घडत नाहीये, माशागणिक नवं ब्रह्मचर्य सुरू होतंय, हे तो एकटा सांगतो. असा एक शब्द प्रत्येक बऱ्या कवितेत असतो. बहुधा तो लहान असतो, आणि मुलं मोठे शब्द शोधत त्याच्यावरून निघून जातात.

'ही कविता तुम्हाला का आवडली?' या प्रश्नाचं काय करायचं? आवडली नसली तरी एक ओळ निवडा आणि ती का लक्षात राहिली ते लिहा. खोटं बोलावं लागत नाही. 'आवडली नाही' असंही सकारण लिहिता येतं, फक्त कारण कवितेतलं हवं, "आशय नीट कळला नाही" हे कारण नव्हे.

शेवटची दोन मिनिटं राखून ठेवावीत ती शुद्धलेखनासाठी नव्हे. 'उत्प्रेक्षा'ची 'उत्पेक्षा' झाली तर बाई एक वेळ सोडून देतील. आधी बघायचं ते कवीचं लिंग. पहिल्या ओळीत "कवयित्री म्हणतात" असं झोकात लिहिलेलं असतं, मधे कुठेतरी "कवींनी वर्णन केले आहे" होतं, आणि शेवटच्या परिच्छेदात कवयित्रीबाईंना भलीमोठी मिशी फुटून "ते आपल्याला संदेश देतात".