जन्मठेपेच्या कैद्याने दाद कुठे मागायची?

भारतात एखादा जुना खटला पुन्हा उघडला की तिकडचे मित्र चिडून विचारतात, ‘अपिलं झाली, सर्वोच्च न्यायालय झालं, आता आणखी किती संधी?’ मी ब्रिटनमध्ये राहतो. इथेही हे विचारलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. फेरखटला म्हणजे पीडितांच्या घरच्यांनी पुन्हा साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहायचं. तोवर साक्षीदार विसरलेले असतात, काही वारलेलेही. त्यामुळे तो सहजासहजी मिळू नये, हे मला मान्य आहे.

आपल्याकडे अपिलात शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश देता येतो. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 386 मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 427 मध्ये आहे. पण सरकार पक्षाच्या पुराव्यातली भोकं बुजवण्यासाठी ती नाही. मूळ सुनावणीच न्याय्य झाली नसेल तर आहे. दिल्लीत 1997 साली बसमध्ये स्फोट झाला. त्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला खटल्यात बहुतेक काळ वकीलच नव्हता, बहुतेक साक्षीदारांची उलटतपासणी झाली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये फेरखटला चालवायला लावला आणि पुढच्याच वर्षी तो सुटला.

माझी खरी तक्रार अपिलं संपल्यानंतरची आहे. नाशिक जिल्ह्यातल्या 2003 च्या खून-बलात्कार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये भटक्या जमातीतल्या सहाही जणांना फाशीची शिक्षा ठोठावली. 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. घटना डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्या ओळखीची नोंद पहिल्यापासून होती! तरी हे सहा जण वाचले ते फाशी झाली होती म्हणून. फाशीच्या प्रकरणात पुनर्विलोकन अर्जाची, म्हणजे त्याच न्यायालयाने स्वतःचा निकाल पुन्हा तपासावा या अर्जाची सुनावणी खुल्या न्यायालयात व्हावी, असं 2014 मध्ये ठरलं होतं. त्यांना जन्मठेप झाली असती तर? जन्मठेपेच्या कैद्याचा असा अर्ज सहसा न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलाचा युक्तिवाद न ऐकताच निकालात निघतो. आणि उच्च न्यायालयाला तर सही झालेल्या निकालातल्या लेखनाच्या वा आकडेमोडीच्या चुकांपलीकडे काही बदलता येत नाही.

इंग्लंडमध्ये अपिलं संपल्यानंतरही शिक्षा चुकीची आहे का हे तपासायला 1997 पासून स्वतंत्र आयोग आहे. तो पोलिसांकडची कागदपत्रं मागवतो, चाचण्या करून घेतो आणि शंका वाटली तर प्रकरण अपील न्यायालयाकडे धाडतो. फेरखटला चालवायचा की नाही हे न्यायालयच ठरवतं. हा आयोगही चुकतो. अँड्र्यू माल्किन्सन यांनी न केलेल्या बलात्कारासाठी 17 वर्षं तुरुंगात काढली. दुसऱ्याच माणसाचा डीएनए 2007 मध्ये सापडला होता, तरी आयोगाने त्यांचं प्रकरण आधी नाकारलं. शिक्षा रद्द झाली 2023 मध्ये. या विलंबाबद्दल इथे लोक संतापले, ते योग्यच होतं. पण जाब विचारायला निदान एक संस्था होती.

आपल्या विधी आयोगाने 2018 च्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईचा कायदा सुचवला. भरपाई हवीच, पण ती सुटल्यावर मिळणार. त्याआधी पोलिसांनी आरोपपत्रासोबत न जोडलेले कागद मागवण्याचा अधिकार असलेली, जन्मठेपेच्या कैद्याचंही ऐकणारी यंत्रणा आपल्याला हवी आहे.