कांद्याचा राग नोव्हेंबर २०२४च्या विधानसभेपर्यंत पुरेल का?

दादा, २०२४च्या विधानसभेआधी तुमचं म्हणणं असं होतं की त्याच वर्षी लोकसभेला नाशिक आणि दिंडोरी दोन्हीकडे महायुती (भाजप, शिंदेसेना, अजित पवारांची राष्ट्रवादी) आपटली, विधानसभेलाही जिल्ह्यातल्या १५ जागांवर तेच होणार, बायका काही लाडकी बहीण योजनेच्या महिन्याच्या दीड हजारात विकल्या जात नाहीत आणि मी त्या योजनेचं लिहून युतीचा प्रचार करतोय. प्रचाराचं सोडा, पण ‘विकल्या’ हा शब्द मला लागला.

आधी कांद्याचं बोलू. डिसेंबर २०२३ला निर्यातबंदी आली तेव्हा लाल कांदा निघत होता आणि लाल कांदा टिकत नाही, काढला की मार्केटला न्यावाच लागतो, भाव पडला तरी थांबायची सोय नाही. बंदी उठली ४ मेला, तीही ४० टक्के शुल्क लावून, आणि आपल्याकडे मतदान २० मेला. जखम ओली होती. मग सप्टेंबर २०२४ला शुल्क २० टक्क्यांवर आणलं, ज्यांच्या कांदाचाळीत टिकणारा उन्हाळ कांदा शिल्लक होता त्यांना बरा भाव मिळाला, ज्यांनी पोरांच्या फीसाठी आधीच विकून टाकला ते हात चोळत बसले. एकाच वस्तीवर दोन तऱ्हा होत्या, त्यांची बेरीज कशी करणार?

आणि वारं टिकतं कुठे? २०१९ला लोकसभेत तेव्हाच्या भाजप-शिवसेना युतीला राज्यातल्या ४८ पैकी ४१ जागा होत्या, पाच महिन्यांनी विधानसभेला भाजप १२२ वरून १०५ वर आला. आपल्या नाशिक शहराने २००९ला विधानसभेत मनसेचे तीन आमदार दिले, २०१४ला त्या तिन्ही जागा भाजपला.

माझी मावशी निफाडकडे असते. मे मध्ये तिने कांद्यापायी ठरवून विरोधात मत दिलं. राखीच्या आधी तिच्या खात्यात लाडक्या बहिणीचे ३००० आले, तर पासबुक भरून आणलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून मला दाखवलं, कारण कांद्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, कायम काकांच्या नावावर निघते, हे पैसे पहिल्यांदा तिच्या एकटीच्या नावावर आले. ती विकली गेलेली नाही दादा, ती दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून बसलीय. यावेळी कुणाला म्हणून विचारलं तर म्हणाली, शेतीपंपाचं वीजबिल माफ केलं ते ठीक, पण शेतीची लाइट रात्रीचीच येते, बिबट्याच्या भीतीत काका पाणी भरायला जातात, मी दार उघडं ठेवून जागी बसते, दिवसा लाइट कोण देतोय ते आधी सांग.