गुलाबी कॅडिलॅक आणि तिच्याखालच्या थापा

तो १९५९ च्या गुलाबी कॅडिलॅकचा फोटो परत आलाय. खाली मजकूर तोच, की जुन्या अमेरिकन लक्झरी कन्व्हर्टिबल (टप उघडता येणाऱ्या गाड्या) म्हणजे नुसता क्रोम (चकचकीत धातूच्या पट्ट्या) नि मागच्या कोपऱ्यांवरचे उभे पंख, पंख म्हणे गाडी वेगात स्थिर राहावी म्हणून, आणि १९७६ ला सरकारने उघड्या गाड्यांवर बंदी घातली. तिसऱ्यांदा आलं म्हणून लिहितोय.

पंखांचं आधी उरकतो. कॅडिलॅकवर ते १९४८ ला आले, पी-३८ या लढाऊ विमानाची शेपटी बघून, म्हणजे हौस. स्थिरतेच्या गप्पा नंतर क्रायस्लर या प्रतिस्पर्धी कंपनीने मारल्या, आणि त्यांच्या ५७ च्या गाड्या बघून कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सवाल्यांना घाम फुटला, त्यातून ५९ चे ते उंच पंख निघाले. ईर्षा हो, दुसरं काय.

आता नुसता क्रोम नि पंख. अरे, १९६१ ची लिंकन कॉन्टिनेन्टल बघा की! एल्वुड एंगलने काढलेलं हे डिझाइन खरं तर फोर्डच्या थंडरबर्ड गाडीसाठी होतं, तिथे नापास झालं, मग फोर्डचे बडे अधिकारी मॅकनमारा (हो, तेच, पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झालेले) म्हणाले की याचीच चार दरवाजांची लिंकन (फोर्डचाच महागडा ब्रँड) करा. आदल्या वर्षीच्या लिंकनपेक्षा तब्बल फूटभर लांबी कमी, बाजू सपाट, पंख गायब, क्रोम म्हणाल तर मुख्यतः वरच्या कडेवरून पुढून मागे गेलेली एक पट्टी. तरी ऐट बघा! मागच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, त्यामुळे दोन्ही दारं उघडली की आत जायला ऐसपैस जागा. आणि टप? बटण दाबलं की डिकीचं झाकण उलटं, मागच्या बाजूला उघडतं आणि अख्खा टप आत जाऊन बसतो, वर पत्र्याची सपाट रेघ, कापडाचा गठ्ठा कुठे दिसतच नाही. सामानाला जागा उरत नाही हे मान्य, पण ती गाडी घेणारा काय गोणी वाहणार होता?

बंदी वगैरे काही नव्हती. गाडी उलटली तर टप टिकला पाहिजे असा नियम येणार ही भीती होती, तो कन्व्हर्टिबलला लागूच झाला नाही, आणि खपही एसीमुळे आधीच घसरलेला. कॅडिलॅकने ७६ ची एल्डोराडो 'शेवटची' म्हणून विकली, लोकांनी गुंतवणूक म्हणून घेऊन झाकून ठेवली, आणि ८४ ला कंपनीने परत कन्व्हर्टिबल एल्डोराडो काढली तेव्हा त्यातले काहीजण थेट कोर्टात गेले.