नारळ, पट्टा आणि कलम २१

माझा नारळ काढून घेतला. देवळातला प्रसादाचा, शेंडी राखून सोललेला, चांगला खणखणीत नारळ. कुठल्या विमानतळावर ते सांगत नाही. गोव्यात आता दाबोळी आणि मोपा असे दोन आहेत, हवा त्याच्यावर संशय घ्या, नियम दोन्हीकडे एकच. एक्स-रे झाल्यावर बॅग बाजूच्या टेबलावर गेली, नारळ बाहेर आला, ‘नारियल अलाऊ नहीं है’ असं सांगण्यात आलं आणि मी ‘बरं’ म्हणालो. एका नारळासाठी कोण भांडत बसतं, अशी मी अजून स्वतःची समजूत काढतोय.

भांडले ते शेजारी उभे असलेले काका.

नारळ त्यांचा नव्हता. माझी त्यांची ओळखही नव्हती. सत्तरीच्या आसपासचे, बोलण्यावरून फोंड्याकडचे, आणि बहुधा निवृत्त मास्तर, कारण प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत भुवई वर करून थांबत. त्यांची अंगझडती झाली होती, पण पट्टा ठेवलेला ट्रे यंत्राच्या पलीकडे कुठेतरी अडकला होता. त्यामुळे डाव्या हाताने विजार धरलेली आणि लोकशाहीसाठी फक्त उजवा हात मोकळा, अशा अवस्थेत त्यांनी लढा सुरू केला.

“कित्याक?”

“अंकलजी, रूल है.”

“रूल आसतलो. कारण कितें?”

“नारियल में तेल होता है. आग पकड़ सकता है.”

“पुता, तेल सुक्या खोबऱ्यात. हो ओलो नाल्ल. हालोवन पळय, उदक वाजता.”

जवानाने खरंच नारळ कानाशी नेऊन हलवला. पाणी वाजलं. त्याने नारळ पुन्हा खाली ठेवला आणि म्हणाला, “फिर भी अलाऊ नहीं है.”

इथे काका कोंकणीतून मराठीत आले. गोव्यातल्या त्या पिढीचं असंच असतं, राग कोंकणीत आणि कायदा मराठीत. “हा नियम कुठल्या कलमाखाली आहे, ते मला लेखी द्या.”

जवान बिचारा मऊ स्वभावाचा होता. “अंकलजी, पीछे लाइन है.”

“लाइन म्हणजे जनता. जनतेलाही कळू दे.”

काका शास्त्राला धरून बोलत होते, हे नमूद केलं पाहिजे. सुकं खोबरं धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. क्रमांक यूएन १३६३, वर्ग ४.२, म्हणजे आपोआप तापून पेटू शकणारे पदार्थ. खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त तेल असतं. नीट न वाळलेल्या खोबऱ्यात ओलावा राहिला की बुरशी-जंतू वाढतात, ढीग आतून तापत जातो आणि काडी न लावता धुमसायला लागतो. म्हणून सुकं खोबरं हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. हे पटतं. ओला नारळ मात्र चेक-इनच्या बॅगेत जातो, फक्त हातात न्यायचा नाही. आता गंमत अशी की बहुतेक कंपन्यांचे चेक-इन काउंटर विमान सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतात, आणि नारळाबद्दलचं हे ज्ञान प्रवाशाला मिळतं ते त्यानंतर, सुरक्षा तपासणीत. तोवर मोठी बॅग विमानाच्या पोटाकडे निघालेली असते. मागे फिरून काउंटरवर जायचं म्हणजे विमान कंपनीचा माणूस शोधा, त्याच्यासोबत बाहेर या, पुन्हा रांग लावा. बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी बंद होतं. नागरिकाचे हक्क या दोन आकड्यांच्या मधे बसतात.

बरं, नारळ तपासताच येत नाही असंही नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरून न्यायच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ हातातल्या सामानात न्यायला केंद्राने २० जानेवारी २०२५ पर्यंत मुभा दिली होती. अट एवढीच की एक्स-रे, स्फोटकांच्या कणांची तपासणी आणि हाताने तपासणी अशा तिन्हीतून नारळ गेला पाहिजे. काकांना हे तोंडपाठ होतं.

“म्हणजे अय्यप्पाच्या नारळात पाणी आणि आमच्या देवाच्या नारळात पेट्रोल?”

“अंकलजी, यहाँ ऐसे शब्द मत बोलिए.”

हे मात्र त्याने खरोखर काकांच्या भल्यासाठी सांगितलं. त्या टेबलाच्या परिसरात काही शब्द विनोदानेही उच्चारायचे नसतात. ‘बॅगेत काय आहे?’ या प्रश्नाला थट्टेने उत्तर देणारा माणूस विमानाऐवजी पोलीस चौकीत बसतो, आणि तिथे विनोदबुद्धी हा बचाव चालत नाही.

काकांनी डावपेच बदलला. “ठीक. मग फोडा. आत काय आहे ते सगळ्यांना दिसू दे. प्रसाद वाटून टाकू.”

“फोड़ेंगे किससे?”

“कोयत्याने.”

“कोयता अलाऊ नहीं है.”

“आदोळी?”

“वो क्या होता है?”

काकांनी उजव्या हाताने हवेत आदोळी काढून दाखवली, बसायचा पाट आणि पुढे वर आलेलं दातेरी पातं. जवानाचा चेहरा पाहून पातं आहे तिथेच सोडलं आणि म्हणाले, “जाऊ दे, तीही अलाऊ नसेल.” म्हणजे अख्खा आहे म्हणून नारळ आत येणार नाही, आणि फोडायचं हत्यार आत येणार नाही म्हणून तो अख्खाच राहणार. पाणी तेवढं बाटलीत भरून आणलं असतं तर देशांतर्गत उड्डाणाला कुणी हरकत घेतली नसती. ती १०० मिलीची भानगड आंतरराष्ट्रीय उड्डाणांची, २००६ साली लंडनमधला कट उघड झाल्यापासूनची.

इथे नारळाच्या वतीने एक तक्रार. २०१६ मध्ये गोवा सरकारने कायद्यातल्या वृक्षाच्या व्याख्येतून माड काढून टाकला. लोक खवळले, २०१७ मध्ये तो परत आला आणि राज्यवृक्षही झाला. राज्यवृक्षाच्या फळाला राज्यातून उडता येत नाही, यावर विधानसभेत कुणी बोलेल तर बरं.

तर काका आता रांगेकडे वळले. “मित्रांनो, १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले तेव्हा पोर्तुगीज सरकारची सभेला बंदी होती. लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरला दाखवावी लागायची. तेव्हा लोक घाबरले नाहीत, आणि तुम्ही...”

मित्र मोबाइल, पाकीट आणि पेनं ट्रेमध्ये काढण्यात गुंतले होते. एका पुणेकर बाईंनी अत्यंत स्पष्ट आवाजात सांगितलं, “काका, नारळ नंतर सोडवा, आधी आम्हाला सोडा.”

विमानतळावर सविनय कायदेभंग का होत नाही, त्याचं उत्तर या बाईंच्या वाक्यात आहे. लोहियांच्या बाजूने गर्दी होती. इथे गर्दी सरकारपेक्षा कडक असते. जवान तरी ‘अंकलजी’ म्हणतो. अमेरिकेत २४ नोव्हेंबर २०१० ला, ऐन सणाच्या गर्दीत, सगळ्यांनी शरीर-स्कॅनरला नकार देऊन हाताने झडती मागायची अशी देशभर हाक दिली होती. नियमानुसार तो हक्क होताच. बहुतेकांनी हात वर केले, स्कॅनरमधून गेले आणि घरी जेवायला पोचले. २०१२ मध्ये पोर्टलंड विमानतळावर एका गृहस्थाने निषेध म्हणून अंगावरचे सगळे कपडे उतरवले. स्थानिक न्यायाधीशाने तो अभिव्यक्तीचा भाग मानून त्याला निर्दोष सोडलं, तरी सुरक्षा यंत्रणेने वेगळा दंड लावलाच. ही बातमी काकांना ठाऊक नव्हती हे आपलं नशीब. विजार अर्धी त्यांच्या मुठीतच होती.

मग काकांनी धरणं धरलं. त्यासाठी जागा निवडली ती तपासणीनंतर बूट घालायला ठेवलेली स्टीलची खुर्ची. तिथे बसलेला माणूस कितीही पेटलेला असला तरी बुटाची नाडी बांधतोय असंच दिसतं. दोन मुलांनी त्यांना ‘अंकल, हो गया क्या?’ विचारलं.

खुर्चीसमोर तपासणीतून सूट असलेल्या व्यक्तींचा फलक होता. काकांनी तो मोठ्याने वाचला. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, माजी राष्ट्रपती, सरन्यायाधीश, राज्यपाल, मुख्यमंत्री. दलाई लामांपाशी क्षणभर थांबून मान डोलावली. शेवटपर्यंत गेले, परत वर आले.

“मुख्यमंत्री आहे. मुख्यमंत्र्याला निवडून देणारा कितव्या नंबरावर?”

कुणी हसलं नाही. मला हसू आलं, आणि मग थोडी चीडही. तपासणीला माझी ना नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा राज्यघटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा, भाग ठरवला, तेव्हाही हक्कावर मर्यादा येऊ शकते हे मान्यच केलं. फक्त त्या मर्यादेला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. तपासणी नको म्हणायचा हक्क तुम्हाला आहेच. मग विमानात बसता येत नाही, इतकंच. पण प्रमाणाचा प्रश्न त्या टेबलापाशी कुणाला विचारायचा? २०२१ मध्ये एका नामवंत नृत्यांगनेला दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो म्हणून जाहीर व्हिडिओ करावा लागला, तेव्हा दिलगिरी आली. २००९ मध्ये माजी राष्ट्रपती कलाम यांची दिल्लीत एका अमेरिकी विमान कंपनीच्या माणसांनी झडती घेतली. सूट असलेल्यांच्या यादीत असूनही त्यांनी तक्रार केली नाही, कंपनीने पुढे माफी मागितली. म्हणजे माफीसाठी एकतर नामवंत असावं लागतं किंवा राष्ट्रपती. गुडघ्यात धातूची वाटी बसवलेल्या फोंड्याच्या आजीने डॉक्टरांचा कागद पुढे करावा, झडती आडोशाला मागावी (बायकांची झडती बाईनेच, पडद्याआड, हे तिने मागायचीही गरज नाही) आणि मागच्या रांगेचे उसासे ऐकावेत.

“ये बैग किसका है?”

काकांचा होता. पडद्यावर त्यात एक मोठा नारिंगी ठोकळा दिसत होता. एक्स-रेच्या पडद्यावर धातू निळा दिसतो, मधलं काही असेल तर हिरवं, आणि सेंद्रिय वस्तू नारिंगी. घट्ट मिठाई सेंद्रिय आणि बरीचशी स्फोटकंही सेंद्रिय. गोव्यातून निघालेल्या बॅगांत बेबिंका आणि फणसाची साटं असतात, त्यामुळे इथल्या पडद्यावर नारिंगी काही कमी नसतं. बॅग उघडली. जवानाने कापडाची पट्टी आतून फिरवून यंत्रात घातली. हाताला ग्लिसरीनचं क्रीम किंवा माडांना घातलेलं खत लागलेलं असलं तरी हे यंत्र कधी कधी बोंब मारतं. या वेळी गप्प राहिलं.

“ये काला क्या है?”

“डोदोल.” काकांचा आवाज आता एकदम सहकारी खात्यासारखा झाला होता.

“किससे बनता है?”

“तांदळाचं पीठ, काळा गूळ आणि...” काका थांबले. भुवई वर गेली. “नारळाचा रस.”

जवानाने डब्याकडे पाहिलं, माझ्या नारळाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. “ठीक है अंकलजी, जाइए.”

काका डबा छातीशी धरून माझ्याजवळ आले. “पाच नारळांचा रस आहे ह्यात,” ते म्हणाले, “पाच!” आणि पाच बोटं दाखवायला डबा काही सोडवेना, म्हणून त्यांनी विजार सोडली.