शेजारधर्माचे बारा गुण

मे महिन्यातल्या एका शनिवारी आमच्या घरात गाणी ऐकायला बंदी असते. टीव्हीवर गाणी चालूच असतात, साधारण दोन तास, धूर आणि ठिणग्यांसकट. पण नवऱ्याच्या मते तो नुसता कच्चा माल. खरा कार्यक्रम सुरू होतो तो मतमोजणीला, आणि तोवर त्याची एक्सेल शीट लॅपटॉपवर उघडून सज्ज असते. आम्ही गोथेनबर्गला राहतो आणि हा सोहळा म्हणजे युरोव्हिजन, युरोपातल्या देशांची दरवर्षीची गाण्यांची स्पर्धा. स्वीडनमध्ये या स्पर्धेला कोण पाठवायचं हे ठरवायलाच हिवाळ्यात कित्येक शनिवार जातात, त्यामुळे मे उजाडेपर्यंत देशातलं शेंबडं पोरही निवडणूक विश्लेषक झालेलं असतं. माझ्या नवऱ्याने तर या देशात आल्यावर भाषेच्या आधी हेच आत्मसात केलं.

गुण द्यायची पद्धत १९७५ पासून तीच आहे. प्रत्येक देश आपल्या आवडत्या दहा गाण्यांना गुण देतो: एक ते आठ, मग दहा, मग बारा. नऊ आणि अकरा कुठे गेले, असं मी लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात भाबडेपणाने विचारलं होतं. उत्तर १९५६ सालच्या लुगानोपासून, म्हणजे पहिल्यावहिल्या स्पर्धेपासून, सुरू झालं. मध्ये १९६९ चं माद्रिद लागलं, जिथे चार देश अठरा-अठरा गुणांवर अडकले आणि बरोबरी सोडवायचा नियमच नसल्यामुळे चौघांनाही विजेते म्हणावं लागलं. नऊ आणि अकरापर्यंत आम्ही अजून पोचलेलो नाही.

२०२५ साली या सगळ्यात सासऱ्यांची भर पडली. बाबा सांगलीहून उन्हाळ्यासाठी आले होते. आयुष्यभर शिक्षक, म्हणजे आयुष्यभर इलेक्शन ड्युटी. मतपेटी, लाखेचं सील, पोलिंग एजंटांची भांडणं, सगळं कोळून प्यायलेला माणूस. त्यांना गाण्यांशी काही देणंघेणं नव्हतं, पण मतदान म्हटल्यावर चष्मा पुसून पुढे सरकून बसले.

"एकेकाला किती मतं?"

"वीसपर्यंत," नवरा म्हणाला.

"एका माणसाला वीस?" बाबांचा आवाज चढला. "मग शाई कुठं कुठं लावतात?"

शाई नाही, उलट प्रत्येक मताचे पैसे भरावे लागतात, हे कळल्यावर ते बराच वेळ गप्प झाले. मतदाराने पैसे द्यायचे, ही कल्पना त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीच्या विरुद्ध दिशेला जाणारी होती.

मग देशोदेशींचे प्रतिनिधी पडद्यावर येऊन आपापल्या ज्युरीचे, म्हणजे जाणकार परीक्षकांचे, बारा गुण जाहीर करू लागले; प्रेक्षकांचे गुण वेगळे, ते नंतर. त्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला देश होते सदतीस, म्हणजे सदतीस वेळा "काय सुंदर कार्यक्रम झाला हो" हे ऐकणं आलं. सायप्रसची पाळी आली तशी नवऱ्याने विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं. सायप्रसने ग्रीसला बारा दिले. सायप्रसने ग्रीसला बारा देणं ही युरोपातली इतकी जुनी रीत आहे की सभागृह त्यावर हसतं तरी किंवा हुर्यो तरी करतं.

"भावकी," बाबा म्हणाले. त्यांना कुठलीही शीट लागली नाही. पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी अख्ख्या युरोपची वाड्या-वस्त्यांत वाटणी करून टाकली: ही उत्तरेकडची भावकी, हे पूर्वी एकत्र असलेले आणि वाटण्या झाल्यावर भांडलेले, तरी लग्नकार्यात एकमेकांना आहेर करणारे, म्हणजे युगोस्लाव्हियातले. "आमच्या ग्रामपंचायतीत हेच चालतं, फक्त तिथं नाचत नाहीत."

इथे नवरा दुखावला. गावातल्या अंदाजाने निकाल लागत असेल तर आकडेमोड कशाला? त्याने आपलं लाडकं अस्त्र काढलं. मार्ता ब्लांजार्दो आणि जॅनलूका बाइओ या लंडनमधल्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी २०१४ साली या मतांवर रीतसर शोधनिबंध छापला. त्यांना कुणाचा कुणावर आकस असल्याचा पुरावा सापडला नाही. काही जोड्यांमध्ये माया सापडली, पण तीही बेताचीच. शेजारधर्माने गाणं तळातून वर येतं, पहिलं येत नाही. २०१७ साली पोर्तुगाल ७५८ गुणांनी जिंकलं, त्याला शेजारी म्हणावा असा एकटा स्पेन. हे मला खरंच पटतं, पण घरात तसं बोलून दाखवायची सोय नाही. लगेच पुढची शीट उघडते.

बाबांना मात्र वेगळ्याच गोष्टीने घेरलं. सान मरिनो हा देश मत कसा देतो? इटलीच्या पोटातला एवढासा देश, फोनचं जाळंही इटलीशी जोडलेलं, तेव्हा त्याच्या प्रेक्षकांची मतं वेगळी मोजताच येत नाहीत. मग इतर काही देशांच्या निकालांवरून हिशेब करून त्याची मतं ठरवतात.

"म्हणजे मतदार नाहीत, पण मतं आहेत."

"हो."

"आणि हे सगळ्यांना माहीत आहे?"

"नियमांत लिहिलंय."

बाबा उठून पाणी पिऊन आले. त्यामुळे २०२२ सालची हकिकत त्यांना उभ्यानेच ऐकावी लागली. तेव्हा सहा देशांच्या ज्युरींची मतं संशयास्पद वाटली म्हणून बाद केली आणि त्यांच्या जागी अशीच काढलेली मतं भरली. त्या सहांत सान मरिनोही होता. फेरमतदान झालं नाही म्हटल्यावर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी केंद्राध्यक्ष होते.

आमची फिनलंडची शेजारीण दरवर्षी या रात्री येते, दालचिनीचे बन घेऊन आणि २०२३ घेऊन. त्या वर्षी प्रेक्षकांनी फिनलंडला ३७६ गुण दिले, स्वीडनला २४३. ज्युरींनी स्वीडनला ३४० दिले आणि कप आमच्याकडे आला. एकाही देशाच्या प्रेक्षकांनी स्वीडनला बारा दिले नव्हते, हे ती पहिल्या बनबरोबर सांगते. नवरा २०१६ सांगतो: तेव्हा ज्युरींत ऑस्ट्रेलिया पहिला, प्रेक्षकांत रशिया पहिला, आणि जिंकलं दोन्हीकडे दुसरं असलेलं युक्रेन. त्याने तिचं समाधान कधीच झालेलं नाही. ऑस्ट्रेलिया युरोपात कसा, हे बाबांनी विचारू नये म्हणून मी घाईने चहा पुढे केला.

२०२५ साली तर या दोघांच्या भांडणाचा पायाच डळमळला. स्वीडनने पाठवलेले तीन गडी होते फिनलंडचे. तिकडच्या स्वीडिश बोलणाऱ्या वस्तीतले, आपल्या बोलीत गाणारे, आणि गाणं कशावर, तर सौनावर, म्हणजे तिकडच्या गरम वाफेच्या खोलीवर. शेजारणीला ते आपले वाटत होते, पण मत द्यायचं तर ते स्वीडनच्या खात्यात जाणार. नवऱ्याच्या शीटमध्ये "शेजारी" हा रकाना होता, पण शेजारीच आपल्या घरात राहायला आले तर काय करायचं याचं सूत्र नव्हतं. त्यात प्रेक्षकांचे गुण सुरू झाले आणि ज्युरींत २१४ मिळवून दुसऱ्या आलेल्या यजमान स्वित्झर्लंडला प्रेक्षकांनी शून्य दिला. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही, त्यामुळे सभागृहातल्या स्विस मंडळींना बघत राहण्यापलीकडे इलाज नव्हता. "डिपॉझिट जप्त," बाबा हळहळून म्हणाले. मांडव घातलेल्या माणसाला तरी चार द्यायचे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आता, आपणही स्वीडनला मत देऊ शकत नाही, पण २०२३ पासून बाकीच्या जगाला ऑनलाइन मत देता येतं आणि त्या सगळ्यांचं मिळून एक देश धरतात. नवऱ्याने गाणी चालू असतानाच सांगलीला बहिणीला उठवलं होतं. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती.

"गाणं कुठलं, ते ऐकव तरी," ननंद म्हणाली.

"गाणं नंतर ऐक. कार्ड काढ."

निकाल लागला. ऑस्ट्रिया ४३६ गुणांनी पहिला, एस्टोनिया ३५६ घेऊन तिसरा, स्वीडन ३२१ वर चौथं. नवरा त्या पस्तीस गुणांचा शोध घेत असताना फोन वाजला. ननंदेचा मेसेज होता: मतं दिली, पण स्वीडनला नाही, टाय लावून कॉफीचं गाणं म्हणणारा तो एस्टोनियाचा मुलगा जास्त आवडला, आणि पैसे तिचे असल्यामुळे पसंतीही तिचीच.

बाबा त्या रात्री पहिल्यांदाच मनापासून हसले. "घरातलंच मत फुटलं की रे," म्हणाले, आणि उरलेला बन संपवून झोपायला गेले.