लाकडी घाण्याचं

लॅबमधल्या मुलीने काउंटरवरून पाच लिटरचा दुधी रंगाचा कॅन माझ्याकडे सरकवला आणि रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, सकाळी उठल्यावरची पहिली सोडून द्यायची. त्यानंतर चोवीस तास प्रत्येक यातच. दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची. मधली एकही चुकवायची नाही."

कुठली सोडायची आणि कुठली धरायची, हे डोंबिवलीकराला शिकवावं लागत नाही. मी मान डोलावली.

"आणि आत अ‍ॅसिड आहे. आधी मगात, मग जपून कॅनमध्ये. थंड जागी ठेवा."

चोवीस तासांची लघवी साठवण्याच्या या प्रकरणाचं मूळ तीन आठवड्यांपूर्वीचं. रात्री दोन वाजता डाव्या कमरेतून एक कळ निघाली ती थेट जांघेत उतरली. मी आधी ओवा खाल्ला, कारण आमच्या घरात कंबरेच्या वरचं आणि खालचं सगळं दुखणं गॅसचं असतं. मग उभा राहिलो, आडवा झालो, ओणवा झालो, पलंगाखालीही जाऊन पाहिलं. सोनोग्राफीत निघाला पाच मिलिमीटरचा मुतखडा. साबुदाण्याचा एक दाणा! एवढ्याशा दाण्यासाठी मी शेजाऱ्यांना उठवलं होतं, याची लाज वाटली.

खडा आपोआप पडेल, तो तपासायला पकडून आणा, असं डॉक्टर म्हणाले. त्यासाठी चहाचं जुनं गाळणं कामी आलं. नवव्या दिवशी खडा हाती लागला. गाळणं मी स्वतः कचऱ्यात टाकलं, तरी आई पुढचा पंधरवडा नव्या गाळण्याकडेही संशयाने बघत फडक्याने चहा गाळत होती.

खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. आईने तत्काळ माझं दूध-दही बंद केलं. डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू केलं, कारण जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं, मूत्रपिंडापर्यंत जाऊ देत नाही. उलट आळू आणि पालक जपून, म्हणाले. आळूने घसा खाजतो तो याच ऑक्झलेटच्या सुयांमुळे. आळूचं फतफतं ही आईची खासियत. तेव्हापासून डॉक्टरांविषयीचं तिचं मत बदललंय.

"पाणी किती पिता दिवसाला?" त्यांनी विचारलं.

"भरपूर," मी म्हणालो.

आता खरं सांगायचं तर डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणारा माणूस पाणी पीत नाही, पाणी वाहून नेतो. लोकलच्या डब्यात संडास नसतो आणि गर्दीत अडकलेल्या माणसाला मुलुंडला उतरून परत चढता येत नाही. म्हणून सकाळी चहावर चहा नाही, पाणी तर नाहीच. बायकोने भरून दिलेली लिटरची बाटली माझ्या बॅगेतून रोज भायखळ्याची हवा खाऊन जशीच्या तशी परत येते. ऑफिसातून भरून आणली, असं मी घरी सांगतो. दुपारी डोकं दुखतं. त्यावर दुखण्याची गोळी घेतो. अशा गोळ्या आठवड्यातून तीन-चार होतात, हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा चष्मा काढला. या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि पाणी कमी असलेल्या शरीरात जास्तच त्रास देतात, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

तर कॅन. खडा कशामुळे झाला, हे त्यातून कळणार होतं. "रोज वागता तसंच वागा," ही डॉक्टरांची ताकीद होती. मी रविवार निवडला आणि पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरावं तसं पोट आवरलं. दर तासाला दोन ग्लास पाणी. दुपारपर्यंत कॅनमधली पातळी पाहून मला पहिल्यांदाच स्वतःचा अभिमान वाटला.

थंड जागेचा प्रश्न मात्र पेटला. "फ्रिजमध्ये देवाच्या नैवेद्याचं लोणी आहे," आई एवढंच म्हणाली. कॅन बाथरूममध्ये बर्फाच्या पाण्याच्या बादलीत बसला, डोक्यावर पंचा गुंडाळून. अंधारात तो तीर्थयात्रेला निघालेल्या आजोबांसारखा दिसायचा.

दुपारी माझा डोळा लागला. झोपेतून उठलो आणि सवयीने सरळ… फ्लश ओढल्यावर आठवलं. भिंतीकडे बघत मिनिटभर उभा राहिलो. कुणी पाहिलं नव्हतं. एकीने काय होतंय, असं म्हणून बाहेर आलो.

सोमवारी सकाळी सव्वातीन लिटरचं माप घेऊन लिफ्टमध्ये शिरलो तर तिसऱ्या मजल्यावरचे काका. त्यांची नजर कॅनवर.

"लाकडी घाण्याचं का?"

"हो," माझ्या तोंडून निघून गेलं.

"शेंगदाण्याचं दिसतंय. रंग काय सुंदर आहे! कितीला बसलं?"

"घरचंच आहे," मी म्हणालो. हे तरी खरं होतं.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो तेव्हा शाबासकीच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि शांतपणे विचारलं, "एक वेळ कुठे गेली?"

क्रिएटिनीन नावाचा पदार्थ स्नायूंतून रोज जवळजवळ ठरलेल्या मापात बाहेर पडतो. पाणी कितीही ढोसा, तो वाढत नाही आणि एखादी वेळ कॅनबाहेर गेली की हिशोबात खड्डा पडतो. सरकारी कचेरीतला हजेरीपटसुद्धा इतका चोख नसतो.

"आणि एवढं पाणी रोज पिणाऱ्याला सहसा माझ्याकडे यावं लागत नाही," ते पुढे म्हणाले. "मीठ मात्र खरं सांगितलंत." खाल्लेल्या मिठातला बहुतेक सोडियम लघवीतच उतरतो. माझा आकडा दिवसाला बारा ग्रॅम मिठाचा आला. जागतिक आरोग्य संघटना पाचच्या आत ठेवायला सांगते. "आणि हे ती एक वेळ हरवून!" माझ्या डोळ्यांसमोरून पापड, खारातली मिरची आणि वड्याबरोबरची तळलेली, मीठ लावलेली मिरची ओळीने गेली.

"पुन्हा करा. कामाच्या दिवशी."

कामाच्या दिवशी कॅन नेता येत नाही. मी घट्ट झाकणाची रुंद तोंडाची बाटली डब्याच्या पिशवीत घातली. लोकलमध्ये दारापाशी उभ्या माणसाची पिशवी हातोहात वरच्या रॅकवर जाते, तशी ती गेलीही. "डबा आहे का? वास नाही आला आज," रोजचा मित्र म्हणाला. मी सीएसएमटीपर्यंत मान वर करून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं कॅनमध्ये ओतल्यावर बायकोने वाकून पाहिलं. साडेसातशे मिलिलिटर. डॉक्टरांना हवेत दोन ते अडीच लिटर. तिने न बोलता माझ्या बॅगेतली पाण्याची बाटली काढली, उजेडात धरली, आणि भरलेलीच बाटली परत ठेवून दिली. तिला बाटलीची भानगड किती वर्षांपासून ठाऊक होती, हे विचारायचं धाडस झालं नाही.

लिफ्टमध्ये पुन्हा काका. कॅनच्या तळाशी गडद पिवळा चार बोटं थर.

"अहो, पंधरवड्यात संपवलंत?" ते कळवळून म्हणाले. "शुद्ध असलं तरी तेल ते तेलच. जरा बेताने घ्या. या वयात पाणी जास्त प्यावं, तेल कमी."